हॅमट्रॅमिक नावाचे छोटे शहर आणि ‘गोरे’ या रकान्यात दडलेली माणसे

सीमोल्लंघन (धागाकर्ता)

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहायला येऊन मला आता बारा वर्षे झाली. या काळात बहुतेक शनिवारी मासळी आणि भाजी घेण्यासाठी मी हॅमट्रॅमिक या शेजारच्या छोट्या शहरात जात आलो आहे. मुलगी लहान असल्यापासून बरोबर येते. कॉनंट रस्त्यावरच्या बंगाली पाट्या, त्यांच्या शेजारच्या अरबी पाट्या, येमेनी उपाहारगृहातून बाहेर येणारा भल्यामोठ्या तव्याएवढ्या रोटीचा वास आणि दूरवर दिसणारे सेंट फ्लोरियन चर्चचे शिखर हे सारे तिच्या दृष्टीने नेहमीचे झाले आहे. गेल्या महिन्यात शाळेत तिला परिसरातील एखाद्या शहराच्या लोकसंख्येवर टिपण लिहायला सांगितले आणि तिने अर्थातच हॅमट्रॅमिक निवडले. जनगणनेचे जुने तक्ते ती उघडून बसली होती. २०१० च्या तक्त्यात तिला दिसले ते असे: गोरे ५३.६ टक्के, आशियाई २१.५ टक्के, कृष्णवर्णीय १९.३ टक्के. तिने मला हाक मारली आणि विचारले, “बाबा, आपण मासे घ्यायला जातो ते हेच शहर का? तिथे निम्म्याहून जास्त लोक गोरे कुठे आहेत?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दोन वाक्यांत दिले खरे, परंतु माझेच समाधान झाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मला जे ठाऊक आहे ते आधी मांडतो.

हॅमट्रॅमिक सुमारे साडेपाच चौरस किलोमीटरचे आहे आणि हायलंड पार्क या शेजारच्या शहराला लागून असलेला भाग सोडला तर चारही बाजूंनी डेट्रॉइटने वेढलेले आहे. अमेरिकी सैन्यातील एका फ्रेंच-कॅनेडियन अधिकाऱ्याचे आडनाव त्याला मिळाले. स्पेलिंग पाहून भलभलते उच्चार केले जातात, पण स्थानिक लोक ‘हॅमट्रॅमिक’च म्हणतात. १९०१ मध्ये ते खेडे म्हणून नोंदले गेले, तेव्हा तेथे प्रामुख्याने जर्मन शेतकरी होते. पुढे १९१० च्या सुमारास डॉज बंधूंनी तेथे मोटारींचा कारखाना उभारला आणि गावाचे रूपच पालटले. १९१० मध्ये ३,५५९ असलेली लोकसंख्या १९२० मध्ये ४८,६१५ झाली, म्हणजे दहा वर्षांत तेरापटींहून अधिक वाढली. आलेल्यांपैकी बहुसंख्य पोलिश होते. १९२२ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि १९३० मध्ये लोकसंख्या ५६,२६८ वर पोहोचली. तो आकडा पुन्हा कधीही गाठला गेला नाही. १९८० मध्ये डॉजचा कारखाना बंद पडला, पोलिश कुटुंबांची पुढची पिढी वॉरन आणि स्टर्लिंग हाइट्स या उत्तरेकडील उपनगरांकडे सरकली आणि रिकाम्या झालेल्या घरांत येमेनी, बांगलादेशी, बोस्नियन, अल्बेनियन कुटुंबे येत गेली.

२०१० मध्ये २२,४२३ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये २८,४३३ झाली. ज्या डेट्रॉइटच्या पोटात हे शहर आहे, त्याची लोकसंख्या त्याच दशकात घटली, हे लक्षात घेतले म्हणजे या वाढीचे महत्त्व कळते.

तर मग प्रश्न असा की, या शहराची वांशिक घडण नेमकी कशी सांगावी? तक्ता खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. परंतु तो वाचून शहर डोळ्यांपुढे उभे राहत नाही, हे निश्चित.

रकानेवाला

उत्तम विषय. पाहण्यांचे तक्ते तयार करणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या कन्येला पडलेल्या कोड्याचे उत्तर जनगणनेच्या अर्जातच आहे. अमेरिकेच्या संघ सरकारच्या जुन्या व्याख्येनुसार युरोप, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका येथील मूळ रहिवाशांचे वंशज ‘गोरे’ ठरतात. २०२० च्या अर्जात ‘गोरे’ या चौकटीखाली आपले मूळ लिहिण्यासाठी जागा होती आणि उदाहरणे म्हणून जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन यांच्यापुढे लेबनीज आणि इजिप्शियन ही नावे छापलेली होती. एखाद्या येमेनी गृहस्थाने ती चौकट नाकारून ‘इतर वंश’ या ठिकाणी ‘येमेनी’ असे लिहिले, तरी कार्यालयात संकेतांक देताना त्याची गणना गोऱ्यांतच केली गेली. त्यामुळे सेंट फ्लोरियन चर्चला जाणारी पोलिश आजी, तिच्या वरच्या मजल्यावर राहणारा येमेनी कामगार आणि पलीकडच्या घरातील बोस्नियन सुतार हे तिघेही एकाच रकान्यात बसतात. तिघांची भाषा वेगळी, येण्याचा काळ वेगळा, येण्याचे कारणही वेगळे.

२००० चा तक्ताही पाहण्यासारखा आहे. त्यात गोरे सुमारे ६१ टक्के, कृष्णवर्णीय १५ टक्के, आशियाई १० टक्के आणि ‘दोन किंवा अधिक वंश’ तब्बल साडेअकरा टक्के आहेत. २०१० मध्ये हा शेवटचा आकडा पाच टक्क्यांच्याही खाली आला. दहा वर्षांत एवढी मिश्र वंशाची माणसे शहर सोडून गेली, असे कोणी समजू नये. एकाहून अधिक चौकटींवर खूण करण्याची मुभा २००० मध्येच प्रथम मिळाली होती, आणि माझा अंदाज असा की आपले नाव कुठेच न सापडलेल्या अनेकांनी एक चौकट भरून शिवाय ‘इतर’ या ठिकाणीही काहीतरी लिहिले. मिश्र विवाहांपेक्षा लोकांचा झालेला गोंधळच त्या आकड्यात अधिक आहे.

शहर समजून घ्यायचे असेल तर वंशाचा तक्ता बाजूला ठेवून पूर्वजांचा देश, जन्मदेश आणि घरी बोलली जाणारी भाषा हे तीन तक्ते पाहावेत. २००० मध्ये शहरातील सुमारे ४१ टक्के रहिवासी परदेशात जन्मलेले होते आणि पोलिश मूळ सांगणारे साधारण २३ टक्के होते. त्या ६१ टक्के ‘गोऱ्यां’मध्ये पोलिश वंशाचे लोक निम्म्याहूनही कमी होते, हे एवढ्यावरूनच कळते.

पांथस्थ

धागा आवडला. दोन शंका आहेत.

पहिली शब्दांची. धाग्यात ‘वंश’ हा शब्द कधी गोरे-काळे या अर्थाने येतो, तर कधी पोलिश-येमेनी या अर्थाने. मराठीत ‘वंश’ म्हटले की मला रघुवंश, यदुवंश आठवतो, म्हणजे घराणे. या दोन कल्पनांसाठी दोन वेगळे शब्द वापरले तर वाचणाऱ्याचा घोळ होणार नाही.

दुसरी शंका अशी की, बातम्यांत या शहराचा उल्लेख नेहमी ‘अमेरिकेतील मुस्लिमबहुल शहर’ असा येतो. मग वांशिक घडणीची एवढी चिकित्सा कशाला? शहराची खरी ओळख धर्मानेच होते, असे म्हणायला काय हरकत आहे?

रकानेवाला

पहिल्या शंकेबाबत सहमत. गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई या सरकारी वर्गांसाठी ‘वंश’ आणि पोलिश, येमेनी, सिल्हेटी (बांगलादेशातील सिल्हेट भागातले) यांसाठी ‘लोकसमूह’ असे शब्द वापरू.

दुसऱ्या शंकेला मात्र हरकत आहे, आणि ती चांगली सविस्तर आहे. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारलाच जात नाही. धर्माविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती करू नये असे १९७६ च्या कायद्याने स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे ‘मुस्लिमबहुल’ हे विधान अंदाजावर आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या नावांवर उभे आहे. २०१५ च्या निवडणुकीनंतर नगर परिषदेत मुस्लिम सदस्यांचे बहुमत झाले, आणि २०२२ च्या जानेवारीत सूत्रे घेणाऱ्या परिषदेतील सर्वच सदस्य मुस्लिम होते, हे खरे आहे. परंतु त्या परिषदेत येमेनी होते, बांगलादेशी होते आणि इस्लाम स्वीकारलेल्या पोलिश कुळातील एक सदस्याही होत्या. त्यांना आपण कोणत्या रकान्यात टाकणार? येमेनी आणि सिल्हेटी यांची भाषा, खाणे आणि लग्नसंबंध वेगळे, मशिदीही बहुधा वेगळ्या आणि मतदानातील गटही पुष्कळदा वेगळे. धर्माच्या रकान्यात त्यांना एकत्र कोंबले की ‘गोरे’ या रकान्याने जी चूक केली तीच आपण नव्या नावाने करू.

कृष्णाकाठ

येमेनी माणूस गोरा की नाही, या प्रश्नाचा निकाल याच परिसरातील न्यायालयात एकदा लागला होता, आणि तो आजच्या तक्त्याच्या अगदी उलट होता.

१७९० च्या कायद्यानुसार अमेरिकेचे नागरिकत्व केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना घेता येत असे, १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ती मुभा मिळाली. बाकीच्यांना आपण गोरे आहोत असे न्यायालयात सिद्ध करावे लागे. १९४२ मध्ये अहमद हसन या येमेनमधून आलेल्या गृहस्थांचा अर्ज मिशिगनच्या पूर्व विभागाच्या संघ न्यायालयापुढे आला. न्यायाधीश आर्थर टटल यांनी तो फेटाळला. अर्जदाराचा वर्ण गडद आहे, अरबांची मुस्लिम संस्कृती युरोपच्या ख्रिस्ती लोकांहून फार निराळी आहे आणि त्यांचा आपसांत मिलाफ होण्यासारखा नाही, असा युक्तिवादाचा रोख होता. दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील संघ न्यायालयाने दुसऱ्या एका अरबाला गोरा मानून नागरिकत्व दिले. म्हणजे डेट्रॉइटमध्ये गोरा नसलेला माणूस बॉस्टनला जाऊन गोरा होऊ शकत होता. वंशाची अट १९५२ च्या कायद्याने संपली, पण रकाना राहिला, आणि ज्यांना तो एकेकाळी नाकारला त्यांनाच पुढे त्यात न विचारता बसवले गेले.

भारतीयांचा इतिहासही याच वाटेने गेलेला आहे. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, मानववंशशास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच कायद्याने गोरा. थिंड यांच्या बाजूच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे होते. त्या निकालानंतर सरकारने पंडितांचे स्वतःचे नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा केला, पण तो खटला ते जिंकले.

निवृत्त_अभियंता

कृष्णाकाठ यांच्या प्रतिसादाला स्वानुभवाची जोड देतो. १९६९ च्या शेवटी मी शिकण्यासाठी मिशिगनमध्ये आलो आणि काही महिन्यांतच १९७० ची शिरगणती आली. आम्ही चार भारतीय विद्यार्थी एका घरात राहत होतो. अर्जात भारतीयांसाठी चौकटच नव्हती. आमच्यातील सोलापूरकर मित्राने पेन्सिल खाली ठेवून विचारले, “आपण नेमके कोण?” एकाने ‘इतर’ या ठिकाणी ‘हिंदी’ असे लिहिले, कारण घरी आजोबा ‘आम्ही हिंदी लोक’ असेच म्हणत. पुढे वाचनात आले की त्या गणनेत भारतीय उपखंडातील लोकांची नोंद गोऱ्यांत झाली होती. म्हणजे माझा तो सावळा सोलापूरकर मित्र काही वर्षे सरकारी हिशेबाने गोरा होता. आम्ही त्याला त्यावरून पुष्कळ चिडवले. १९८० मध्ये ‘आशियाई भारतीय’ अशी वेगळी चौकट आली ती येथील भारतीयांच्या संघटनांनी मागणी लावून धरल्यामुळे. अल्पसंख्य म्हणून नोंद झाली तर सवलती मिळतील की उलट त्रासच होईल, यावर त्या काळी आमच्या लोकांतही दोन तट होते.

तिसरा_प्रहर

सर्व प्रतिसाद वाचले आणि एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. पोलिश, येमेनी, बंगाली, बोस्नियन, अगदी सोलापूरकरसुद्धा येऊन गेले. पण ज्या १९ टक्क्यांचा उल्लेख धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात आहे, त्या कृष्णवर्णीय रहिवाशांविषयी कोणी एक वाक्यही लिहिलेले नाही.

शहराची घडण केवळ कोण आले यावरून ठरत नाही, कोणाला घालवले यावरूनही ठरते. हॅमट्रॅमिकमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबे पोलिश लोकांच्या बरोबरीने, डॉज कारखान्याच्या आरंभकाळापासून राहत आली आहेत. १९५० आणि १९६० च्या दशकांत ‘नागरी नूतनीकरण’ या गोंडस नावाखाली नेमक्या त्यांच्याच वस्त्या पाडण्यात आल्या आणि द्रुतगती मार्गानेही त्यात भर घातली. घरे गेलेल्यांना शहरात दुसरीकडे जागा मिळेल अशी व्यवस्था झाली नाही. १९६८ मध्ये या रहिवाशांनी शहरावर दावा लावला. न्यायाधीश डेमन कीथ यांनी १९७१ मध्ये निकाल देताना स्पष्ट म्हटले की, शहराने कृष्णवर्णीयांना हेतुपुरस्सर बाहेर काढले आणि केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने ते माहीत असून पैसा पुरवला. १९८० च्या तडजोडीत २०० कुटुंबांसाठी घरे बांधण्याचे ठरले. ती पूर्ण होता होता २०१० उजाडले. ज्यांची घरे पाडली त्यांच्यातील अनेक जण तोवर हयात नव्हते, आणि काही घरे नातवंडांच्या वाट्याला आली.

म्हणून ‘सर्व जगातील लोक येथे गुण्यागोविंदाने नांदतात’ अशा थाटाचे जे लेख या शहरावर येतात, ते वाचताना मला अवघडल्यासारखे होते. त्या चित्रात हा खटला कधीच नसतो.

सीमोल्लंघन (धागाकर्ता)

तिसरा_प्रहर, आपला आक्षेप रास्त आहे आणि चूक माझी आहे. मी ज्या रस्त्यांवरून जातो त्यांवर पाट्या बंगाली आणि अरबी आहेत. त्या पाट्यांनीच माझे शहर आखले. इंग्रजीत बोलणारा, इंग्रजी पाटीचे केशकर्तनालय चालवणारा कृष्णवर्णीय रहिवासी मला ‘परका’ वाटला नाही, म्हणून तो माझ्या वर्णनातही आला नाही. मुलीच्या टिपणात आता या खटल्याचा परिच्छेद घातला आहे.

मृण्मयी_७

मी आठवड्यातून एकदा तेथील बायकांना इंग्रजी शिकवण्यासाठी स्वयंसेविका म्हणून जाते. बहुतेक विद्यार्थिनी बांगलादेशातील सिल्हेटच्या, थोड्या येमेनच्या. रकान्यांविषयी बोलणे चालले आहे म्हणून वर्गात घडलेले सांगते.

एकदा नमुन्याचा अर्ज भरण्याचा सराव घेत होतो. आशियाई या मथळ्याखाली चिनी, फिलिपिनो, आशियाई भारतीय, व्हिएतनामी, कोरियन, जपानी अशा चौकटी होत्या आणि मग ‘इतर आशियाई’ लिहिण्यासाठी रेघ. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिल्या. मला वाटले, स्पेलिंग अडले असेल. त्यांनी विचारले ते निराळेच: “दीदी, येथे बांगलादेशी लिहू, बंगाली लिहू की सिल्हेटी?” घरी त्या सिल्हेटी बोलतात, पाटी बंगालीत वाचतात आणि पारपत्र बांगलादेशचे. शेजारी बसलेली येमेनी मुलगी ‘गोरे’ या चौकटीवर खूण करून केव्हाच मोकळी झाली होती. मी तिला विचारले, तुला हे पटते का? ती हसली आणि म्हणाली, “अर्जापुरते.”

उन्हाळ्यात तेथील गल्ल्यांतून एक फेरी अवश्य मारावी. लाकडी दुमजली घरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की मधल्या बोळातून एकाच माणसाने जावे. पोलिश कामगारांसाठी ती बांधलेली, खाली एक बिऱ्हाड आणि वर एक. त्याच घरांच्या वीतभर अंगणात आता तारेच्या कुंपणावर दुधी भोपळ्याचे वेल चढवलेले असतात. काहींनी परसात बांबू आणि जुन्या पाइपांचा मांडव केला आहे, त्याखाली उभे राहिले की डोक्यावर हातभर लांबीचे दुधी लोंबतात. बिया सिल्हेटहून आलेल्या असतात आणि दर वर्षी शेजारणींत वाटल्या जातात. माझ्या एका विद्यार्थिनीची घरमालकीण पोलिश आहे, ऐंशीच्या पुढची. ती ख्रिस्ती उपवासकाळाआधीच्या मंगळवारी पॉन्चकी, म्हणजे मुरंबा भरलेले तळलेले गोड गोळे, खाली पाठवते आणि श्रावणाच्या सुमारास खालून तिला दुधी मिळतो. तिने दुधीचे काय केले हे विचारायचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

पांथस्थ

मृण्मयीताई, प्रतिसाद सुरेख. एक सांगा, सिल्हेटची माणसे नेमकी याच गावात कशी पोहोचली? डेट्रॉइटला तर कारखाने बंद पडत होते.

मृण्मयी_७

मोठे कारखाने बंद पडले तरी मोटारींचे सुटे भाग करणारे लहान कारखाने सुरू होते आणि तेथे इंग्रजी फारसे न येणाऱ्यालाही काम मिळत असे. दुसरे कारण घरांचे. १९९० च्या दशकात अनेक कुटुंबे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून उठून येथे आली. तेथे एका खोलीला जे भाडे पडे, तेवढ्यात येथे आख्खे घर मिळे. मग एकाने दुसऱ्याला बोलावले, गावकीसारखे. २००८ मध्ये कॉनंट रस्त्याच्या एका पट्ट्याला ‘बांगलादेश मार्ग’ असे सन्मानाचे नाव मिळाले.

मतदानाचा अनुभव मात्र कडवट होता. १९९९ च्या निवडणुकीत एका स्थानिक गटाचे लोक केंद्रावर उभे राहून सावळ्या रंगाच्या किंवा अरबी-बंगाली नावांच्या मतदारांच्या नागरिकत्वावर आक्षेप घेत होते आणि अशा मतदारांना शपथ घ्यायला लावली जात होती. केंद्रीय न्याय खात्याने त्यात लक्ष घातले आणि २००० मध्ये शहराला न्यायालयापुढे सुधारणा मान्य कराव्या लागल्या. आणि २०११ मध्ये, भाषिक अल्पसंख्याकांच्या मतदान हक्काच्या तरतुदीनुसार, बंगालीतून मतपत्रिका आणि साहाय्य देणे शहरावर बंधनकारक झाले. त्यासाठी आधार कोणता? जनगणनेचेच आकडे. माझ्या बाईंनी त्या रेघेवर काय लिहिले, याला अर्थ असतो तो असा.

रकानेवाला

मृण्मयीताईंच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. रकान्याची थट्टा आपण सर्वांनी केली, मीही केली. पण रकान्यात नाव नसणे म्हणजे मोजलेच न जाणे. येमेनी लोकांना गोऱ्यांत धरल्यामुळे त्यांच्यासाठी अरबी मतपत्रिकेची तशी सक्ती कधी झाली नाही, कारण त्या कायद्यातील भाषिक गटांच्या यादीत अरबी नाहीच. शेजारीशेजारी राहणारे दोन समूह, पण एकाला कायद्याचा आधार मिळतो आणि दुसऱ्याला शहराच्या सद्भावनेवर विसंबावे लागते.

आणखी एक मुद्दा, जो छोट्या शहरांच्या बाबतीत नेहमी निसटतो. समूहाची हद्द आणि नगरपालिकेची हद्द एक नसते. कॉनंट रस्त्याने उत्तरेकडे चालत गेल्यास पाट्या बंगालीच राहतात, पण शहर डेट्रॉइट होते. स्थानिक लोक त्या संपूर्ण पट्ट्याला ‘बांगलाटाउन’ म्हणतात. अलीकडे अनेक सिल्हेटी कुटुंबे वॉरनला घरे घेत आहेत, म्हणजे पोलिश कुटुंबे ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्याने. पुढच्या तक्त्यात हॅमट्रॅमिकमधील आशियाई टक्का कमी दिसला, तर समूह ओसरला असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो काही मैल सरकलेला असेल.

छोट्या शहराच्या आकड्यांविषयी एक सावधगिरीही सांगतो. जन्मदेश, भाषा, पूर्वज हे तपशील आता दहा वर्षांनी होणाऱ्या गणनेतून न येता वर्षभर चालणाऱ्या नमुना पाहणीतून येतात. अठ्ठावीस हजारांच्या शहरात नमुन्यात सापडणारी घरे थोडी, म्हणून पाच वर्षांची सरासरी काढतात आणि तीतही चुकीला बराच वाव असतो. बोस्नियन किंवा अल्बेनियन यांच्यासारख्या लहान समूहांच्या टक्केवारीतील दशांश चिन्हापुढचा आकडा तर केवळ शोभेचा असतो.

तिसरा_प्रहर

आपण ‘शहराची सद्भावना’ म्हणालात म्हणून आठवले. २००४ मध्ये मशिदीची अजान ध्वनिक्षेपकावरून देण्याला परवानगी देणारा बदल परिषदेने केला आणि त्यावर सार्वमत मागितले गेले. देशभरातील वाहिन्यांच्या गाड्या तेथे उभ्या राहिल्या. मतदारांनी परिषदेचा निर्णय कायम ठेवला. त्या वेळी चर्चच्या घंटा वर्षानुवर्षे वाजत आहेत, मग अजानेला हरकत कशी घ्यायची, असे म्हणणारे जुने पोलिश रहिवासीही होते आणि कडाडून विरोध करणारेही होते. समूहाचे एकच मत असते, हेही एक रकानेबाज गृहीतक आहे.

कृष्णाकाठ

रकानेवाला, एक विचारायचे राहिले. संघ सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये वंशवर्गांची व्याख्या बदलल्याचे वाचले होते. त्याचा या शहराच्या तक्त्यावर काय परिणाम होईल?

रकानेवाला

होय. त्या बदलानुसार ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका’ हा स्वतंत्र वर्ग झाला आणि वंश व हिस्पॅनिक मूळ यांचे दोन प्रश्न एकत्र करून एकच प्रश्न करण्यात आला. तसेच आकडे पुढच्या गणनेत मांडले गेले, तर हॅमट्रॅमिकचा ‘गोरे’ हा रकाना एका रात्रीत कोसळलेला दिसेल, जरी एकही माणूस गाव सोडून गेलेला नसेल. डेट्रॉइटच्या पलीकडच्या डिअरबॉर्नमध्ये याची चुणूक दिसली आहे. २०२० च्या अर्जांत लोकांनी हाताने लिहिलेली उत्तरे २०२३ मध्ये वेगळी काढून प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या शहरातील सुमारे ५४.५ टक्के रहिवाशांनी आपले मूळ मध्यपूर्वेत किंवा उत्तर आफ्रिकेत असल्याचे लिहिल्याचे आढळले. त्याआधी ती माणसे तक्त्यात होतीच, फक्त गोरी होती.

२०२४ च्या नमुना प्रश्नात बहुतेक वर्गांखाली सहा-सहा छापील चौकटी सुचवल्या आहेत. नव्या वर्गाखाली लेबनीज, इराणी, इजिप्शियन, सीरियन, इराकी आणि इस्रायली आहेत. येमेनी नाही, तो हाताने लिहावा लागेल.

मृण्मयी_७

आणि बांगलादेशी?

रकानेवाला

आशियाई वर्गाखालच्या छापील चौकटी त्याच सहा: चिनी, आशियाई भारतीय, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी. आपल्या विद्यार्थिनींना रेघेवरच लिहावे लागेल. गोऱ्यांच्या वर्गाखाली मात्र इंग्लिश, जर्मन, आयरिश, इटालियन आणि स्कॉटिश यांच्या बरोबरीने एक चौकट पोलिश लोकांसाठी छापलेली आहे.

मृण्मयी_७

म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आजींना फक्त खूण करायची. त्यांना सांगते. खालच्या मजल्यावर स्पेलिंगचा सराव चालू ठेवते.